ट्यूलिपची बाग आणि ट्यूलिपचे शेत

दर वर्षी फेब्रुवारी उजाडला की मला इथे नेदरलँड्समध्ये पुण्या-मुंबईहून निरोप येऊ लागतात. "यंदा सुट्टीत युरोपला येतोय, ॲमस्टरडॅमचा ट्यूलिप फेस्टिव्हल नेमका कधी असतो गं?" प्रश्नासोबत बहुधा एक छायाचित्र असते. त्यात पैठणीच्या काठांसारखे लाल, पिवळे, जांभळे पट्टे क्षितिजापर्यंत सरळ गेलेले असतात, कडेला एखादी पवनचक्की उभी असते आणि खाली लिहिलेले असते : क्यूकेनहॉफ, ॲमस्टरडॅम. दोन शब्दांच्या या ओळीत दोन चुका आहेत. त्या छायाचित्रातली जागा क्यूकेनहॉफ नाही आणि क्यूकेनहॉफ ॲमस्टरडॅममध्ये नाही.

दुसरी चूक किरकोळ आहे, तेव्हा ती आधी उरकते. क्यूकेनहॉफ, म्हणजे ट्यूलिपची बाग, लिसे नावाच्या गावात आहे आणि ॲमस्टरडॅमपासून ते सुमारे 35 किलोमीटर दूर पडते. वसंतात स्किपोल विमानतळावरून तिथे थेट बस जाते, त्यामुळे कोणी त्याला ॲमस्टरडॅमचे म्हटले तर व्यवहारात फारसे बिघडत नाही. खुद्द ॲमस्टरडॅम शहरात एप्रिल महिन्यात ‘ट्यूल्प फेस्टिव्हल’ असतो तो निराळा. 2015 पासून चाललेल्या या उपक्रमात चौकाचौकांत, संग्रहालयांच्या अंगणांत आणि कालव्यांच्या कडेला मोठ्या कुंड्यांतून ट्यूलिप मांडतात आणि ते बघायला तिकीट लागत नाही. ‘राष्ट्रीय ट्यूलिप दिन’ तर वसंतात येतच नाही. तो जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी कडाक्याच्या थंडीत येतो. 27 एप्रिलचा राजाचा वाढदिवस, ज्या दिवशी सारे शहर नारिंगी कपडे घालून रस्त्यावर उतरते आणि जुन्या वस्तू विकत बसते, त्याचा ट्यूलिपशी काहीही संबंध नाही. 27 तारखेला रविवार आला तर तो सण 26 ला होतो, एवढे लक्षात ठेवले की झाले.

खरा घोटाळा पहिल्या चुकीत आहे. क्यूकेनहॉफ ही बाग आहे आणि छायाचित्रातले पट्टे हे शेत आहे. बाग आणि शेत हा फरक मराठी माणसाला सांगावा लागू नये, असे मला पूर्वी वाटत असे. आता मी तो दर वर्षी सांगते.

बागेबद्दल फार लिहीत नाही, कारण ती बहुतेकांना ठाऊक आहे. 1981 मध्ये आलेल्या एका हिंदी चित्रपटातील गाण्याने तिला आपल्याकडे घरोघरी पोचवले आणि पुढचे काम सहल कंपन्यांनी केले. कंद पिकवणाऱ्या आणि निर्यात करणाऱ्या काही व्यापाऱ्यांनी 1949 मध्ये ती योजली आणि 1950 च्या वसंतात ती लोकांसाठी खुली झाली. 32 हेक्टरांच्या या बागेत दर शरद ऋतूत सुमारे 70 लाख कंद हाताने लावले जातात. वर्षातले जेमतेम 8 आठवडे ती उघडी असते. 2025 मध्ये ती 20 मार्च ते 11 मे या काळात उघडी होती. लक्षात ठेवण्यासारखी युक्ती अशी की बऱ्याच वाफ्यांत कंदांचे थर एकावर एक लावलेले असतात. सर्वांत खाली उशिरा फुलणारे ट्यूलिप, त्यावर लवकर फुलणारे आणि अगदी वर क्रोकससारखी छोटी फुले. एक थर ओसरला की त्याच जागी दुसरा वर येतो. म्हणजे बहर 8 आठवडे टिकावा, अशी व्यवस्था माळ्यांनी 6 महिने आधीच करून ठेवलेली असते. तिथले प्रत्येक फूल पाहणाऱ्यासाठी लावलेले आहे. पाहणारा माणूस तिकीट काढतो आणि फुले बघून खूश होतो. फूल फुलले की बागेचा हेतू सफल झाला.

शेतात फुलाला कोणी विचारत नाही.

हे वाक्य वाचून लोक चमकतात, म्हणून सविस्तर सांगते. हार्लेम आणि लायडन या दोन शहरांच्या मधल्या, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमागे पसरलेल्या पट्ट्याला डच लोक ‘बोलनस्ट्रेक’ म्हणतात. ‘बोल’ म्हणजे कंद. या नावात फुलाचा पत्ताच नाही. शतकानुशतके या भागातल्या टेकड्यांची वाळू खणून शहरांच्या बांधकामांसाठी नेली गेली आणि मागे उरली ती पाण्याचा झटपट निचरा होणारी, चुनखडीयुक्त, भुसभुशीत जमीन. कंदाला असलीच जमीन लागते. या शेतांत जे पीक घेतात ते जमिनीखाली असते. शेतकरी फुले विकत नाही, तो कंद विकतो. लासलगावच्या शेतकऱ्याला कांद्याचे फूल जेवढे प्रिय असेल तेवढेच याला ट्यूलिपचे फूल प्रिय असते. कांद्याला डेंगळे आले की आपला शेतकरी कपाळाला हात लावतो. फरक एवढाच की ट्यूलिपला डेंगळा दर वर्षी येणारच, तो टाळता येत नाही, म्हणून त्याची सोय लावावी लागते.

ती सोय म्हणजे मुंडकी उडवणे. डच भाषेत या कामाला ‘कोपन’ म्हणतात; ‘कोप’ म्हणजे डोके. फुले पूर्ण उमलली, शेताची तपासणी झाली की उंच चाकांचे एक यंत्र वाफ्यांवरून फिरते आणि पानांना धक्का न लावता फुले तेवढी छाटत जाते. हिलेगोमजवळ रस्त्याच्या कडेला सायकल टेकवून मी हे काम पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्याही पोटात कालवले होते. यंत्र पुढे जात होते आणि मागे लाल पट्टा हिरवा होत होता. सरींमध्ये लाल फुले विळा लावलेल्या गवतासारखी पडत होती. मोठ्या, ताज्या, एखाद्या दुकानात दहाची जुडी करून ठेवता येतील अशा फुलांचा तो खच होता आणि त्यातले एकही कोणी उचलत नव्हते. तासाभरात शेत संपले. यंत्रावरच्या माणसाने उतरून डबा उघडला आणि तो शांतपणे पावाचा तुकडा खाऊ लागला.

यामागे दोन कारणे आहेत आणि दोन्ही पक्की शेतकरी कारणे आहेत. पहिले असे की फूल राहिले तर त्याचे बी धरू लागते आणि पानांनी तयार केलेले अन्न कंदाऐवजी बोंडात जाते. बियांपासून फूल यायला 5 ते 7 वर्षे लागतात, त्यामुळे नवी जात काढणाऱ्यांखेरीज त्या बियांचा कोणाला उपयोग नसतो. दुसरे कारण रोगाचे आहे. गळलेल्या पाकळ्या ओल्या पानांना चिकटून कुजल्या की एक बुरशी पसरते, आणि ती पाने जळल्यासारखी करून टाकते म्हणून डच शेतकरी तिला नुसते ‘आग’ म्हणतात. फुले काढल्यावर मात्र हिरवी पाने पुढचे काही आठवडे उन्हात उभी राहतात आणि खालचा कंद भरतो. जून-जुलैत पाने पिवळी पडली की काढणी होते. जुना कंद तोवर संपलेला असतो आणि त्याच्या जागी एक मोठा व काही लहान कंद तयार झालेले असतात. ते वाळवायचे, सोलायचे, घेर सेंटीमीटरांत मोजून चाळणीतून प्रतवार करायचे, मोठे बाजारात पाठवायचे आणि लहान पुन्हा शरदात जमिनीत घालायचे, असे हे चक्र आहे. त्यात फूल म्हणजे मधली अडचण आहे.

मग फुलू तरी कशाला देतात, कळीच का खुडत नाहीत, असा प्रश्न माझ्या भाच्याने विचारला होता आणि तो योग्य प्रश्न होता. फूल उमलल्याशिवाय कंद खरा कोणत्या जातीचा आहे आणि निरोगी आहे की नाही, हे कळत नाही. म्हणून बहराच्या दिवसांत अनुभवी माणसे सरींतून वाकून चालतात आणि एकेक झाड निरखतात. लाल पट्ट्यात एखादे पिवळे फूल दिसले तर ती जातींची भेसळ असते आणि ते झाड मुळासकट उपटले जाते. छायाचित्रकार ज्या एकट्या पिवळ्या फुलासाठी जीव टाकतात, ते शेतकऱ्याच्या लेखी भातातला खडा असते. पट्टे एवढे सरळ आणि एकरंगी असतात तेही याचमुळे. ती सजावट समजू नये. एका जातीत दुसरी मिसळू नये म्हणून केलेली ती वाटणी आहे. क्यूकेनहॉफमध्ये रंग मुद्दाम मिसळलेले असतात, वाफे वळणदार असतात, मध्ये झाडे, पाणी, पायवाटा असतात. छायाचित्रात एकरंगी सरळ रेघा दिसल्या की ते शेत आणि वळणे दिसली की ती बाग, एवढी खूण पुरेशी आहे.

फुलाच्या पाकळीवर पांढरे-लाल ओरखडे दिसले तर आणखी गंभीर. सतराव्या शतकात ट्यूलिपच्या कंदांचे भाव घरांच्या किमतींना भिडले आणि फेब्रुवारी 1637 मध्ये कोसळले, ही गोष्ट सर्वांनी ऐकलेली असते. तेव्हा सर्वांत महाग विकले गेलेले ट्यूलिप हे असे ओरखड्यांचे होते. त्या ओरखड्यांचे कारण संसर्ग आहे आणि तो एका कंदातून दुसऱ्यात जातो, हे डोरोथी केली या ब्रिटिश संशोधिकेने 1928 मध्ये प्रयोगाने दाखवले. हा विषाणू माव्यामार्फत पसरतो आणि कंद पिढ्यान्‌पिढ्या दुबळा करत नेतो. म्हणजे ज्या फुलाला एके काळी घराएवढा भाव आला, तेच आज शेतात दिसले तर निरीक्षक उपटून पिशवीत भरतो. आजच्या बागांमध्ये जे पट्टेदार ट्यूलिप दिसतात ते संकरातून काढलेले निरोगी वाण आहेत. त्यांचा त्या जुन्या फुलांशी संबंध केवळ दिसण्यापुरता आहे.

बागेतला बहर 8 आठवडे लांबवलेला असतो. एका शेताचा बहर मात्र दोन-तीन आठवड्यांचा असतो आणि त्याचा शेवट फूल सुकण्याची वाट पाहत नाही; तो यंत्र आले त्या दिवशी होतो. लोकांची फजिती इथेच होते. माझी मावशी आणि काका एका सहलीबरोबर आले ते 9 मेला. सहलीच्या पत्रकावर मुखपृष्ठभर पट्टे छापलेले होते. क्यूकेनहॉफ त्यांनी पाहिले, तिथे फुले होती, मावशी खूशही झाली. पण बसमध्ये परतताना ती सारखी खिडकीबाहेर बघत होती आणि संध्याकाळी मला म्हणाली, "अगं, सगळं छान होतं, पण ती शेतं कुठे गेली? बाहेर तर नुसता मेथीचा वाफा दिसत होता." शेते तिच्या डोळ्यांसमोरच होती. मुंडकी उडवून आठवडा झाला होता. पत्रक छापणाऱ्यांनी खोटे लिहिले नव्हते, बाग उघडीच होती. त्यांनी छायाचित्र तेवढे दुसऱ्या गोष्टीचे लावले होते. मला राग येतो तो याचाच, कारण या चुकीचा भुर्दंड आयुष्यात एकदाच इथवर येणाऱ्या माणसाला पडतो.

तारखा साधारण अशा धराव्यात. मार्चच्या अखेरीस बागेत काचघरांतल्या मांडणीत ट्यूलिप असतात, बाहेर क्रोकस आणि डॅफोडिल असतात. शेतांतही तेव्हा डॅफोडिलचा पिवळा रंग असतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात हायसिंथ येते आणि त्या आठवड्यात सायकल मारताना फुले दिसण्याआधी वास येतो. ट्यूलिपची शेते एप्रिलच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत भरात असतात. वसंत उबदार असला तर सगळे काही दिवस अलीकडे सरकते, थंड असला तर मेच्या पहिल्या दिवसांत ढकलले जाते. दोन्ही पाहायचे असतील तर एप्रिलचा तिसरा आठवडा धरावा, त्यानंतरचा भरवसा मी कोणालाही देत नाही. याच सुमारास एका शनिवारी नोर्डवाइकहून हार्लेमपर्यंत फुलांच्या रथांची मिरवणूक निघते. ती 1947 पासून चालू आहे, सुमारे 42 किलोमीटर चालते, आणि तिच्या रथांवर ट्यूलिपपेक्षा हायसिंथच जास्त असते.

आता शेतात शिरण्याबद्दल. बागेत तुम्ही तिकीट काढून गेलेले असता आणि पायवाटा तुमच्यासाठीच असतात. शेत दुसऱ्याच्या मालकीचे आहे, ते त्याचे उभे पीक आहे. कोणी अनोळखी माणूस तुमच्या कांद्याच्या वाफ्यात साडी पसरून छायाचित्रासाठी बसला तर तुम्ही त्याला काय म्हणाल, ते मनात आणावे. झाडे मोडतात हे नुकसान दिसणारे. न दिसणारे नुकसान बुटांबरोबर एका शेतातून दुसऱ्या शेतात जाणाऱ्या रोगांचे असते. फूल आठ दिवसांत छाटायचेच असेल तर आम्ही दोन तोडली म्हणून काय झाले, हा युक्तिवाद मी आपल्याच लोकांकडून दोनदा ऐकला आहे. छाटताना पाने शाबूत ठेवतात आणि तोडणारा माणूस पानांवर पाय देऊन उभा असतो, एवढेच त्याचे उत्तर आहे. आता बऱ्याच बांधांवर दोरखंड आणि पाट्या आल्या आहेत. काही शेतकऱ्यांनी पाहुण्यांसाठी राखीव तुकडे ठेवले आहेत, तिथे पैसे देऊन आत जाता येते, फुलेही तोडता येतात. हौस असेल तर तिथे जावे.

आणखी एक खोड सांगून ठेवते. गेल्या वर्षी कोणीतरी नकाशावर खूण करून पाठवलेले ‘सर्वांत सुंदर शेत’ यंदा शोधू नये. कंदाचे पीक त्याच जमिनीत सलग वर्षे घेत नाहीत, फेरपालट करतात. खुणेच्या जागी तुम्हाला डॅफोडिल, बटाटा किंवा गवत सापडेल. बाग मात्र जागची हलत नाही.

देशातली सर्वांत मोठी ट्यूलिपची शेतीही आता लिसेच्या आसपास राहिलेली नाही. ती उत्तर हॉलंडच्या टोकाला आणि समुद्र हटवून तयार केलेल्या नोर्डओस्टपोल्डरमध्ये आहे. तिथली जमीन चिकण, म्हणून कंद जाळ्यांमध्ये लावतात आणि काढणीला जाळेच गुंडाळून उचलतात. गर्दी कमी, पट्टे अधिक लांब. मात्र ॲमस्टरडॅमहून दिवस मोडून जावे लागते. सोपा मार्ग हवा असेल तर हार्लेमहून लायडनला जाणाऱ्या साध्या, सगळीकडे थांबणाऱ्या रेल्वेत बसावे. हिलेगोम आणि फोरहाउट या स्थानकांच्या आसपास शेते रुळांना लागून आहेत. तिकीट नेहमीचे, खिडकी फुकट.

दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर काय निवडावे? सोबत वयस्कर माणसे असतील, पाऊस असेल, मे महिना उजाडला असेल, तर निःशंकपणे बाग. तिथे बाके आहेत, छत आहे, स्वच्छतागृहे आहेत, आणि बागेतल्या पवनचक्कीच्या सज्जावर चढले की पलीकडची शेतेही दिसतात. ही चक्की 1892 ची आहे आणि 1957 मध्ये ती उत्तरेतल्या ख्रोनिंगन प्रांतातून इथे आणून बसवली. पण एप्रिलच्या मध्यावर कोरडा दिवस मिळाला आणि सायकल चालवता येत असेल, तर मी स्वतः बागेच्या दारावरून पुढे निघून जाते. बाग दर वर्षी सुंदरच असते आणि मला तिचा थोडा कंटाळा आला आहे. शेत मात्र एकदा चार दिवस आधी गाठले तर हिरवे मिळाले, एकदा दोन दिवस उशीर झाला तर पुन्हा हिरवेच.

राहिले कंद घरी नेण्याचे. शेतातला कंद काढला जातो जून-जुलैत, लावला जातो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्यामुळे एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या फूलबाजारात जाळीच्या पिशवीत टांगलेला कंद मागच्या उन्हाळ्याचा असतो आणि लावणीचा हंगाम त्याने केव्हाच चुकवलेला असतो. फुलदाणीत दिसणारे ट्यूलिपही या शेतांतले नसतात. ते हिवाळ्यात काचघरांत वाढवतात, म्हणूनच तो राष्ट्रीय दिन जानेवारीत येतो. बागेत कंदांची मागणी नोंदवता येते, माल शरदात घरपोच येतो. ती सोय युरोपात राहणाऱ्यांसाठी उत्तम आहे. पुण्याच्या गच्चीवर मात्र कंदाला हवी तेवढी थंडीच मिळत नाही. मावशीने माझे न ऐकता बाजारातून पाच कंद नेले होते. त्यांना पाने आली, पात कांद्यासारखी, आणि तिने ती कुंडी अजून ठेवली आहे.